बास्केटबॉलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये पोरं दमतात, रोज ५ किमी रोडवर पळवू का? गावात कोर्ट नाही, मुरमाचं ग्राउंड आहे

नाही भाऊ, रोडवर एका लयीत पळून बास्केटबॉलचा दम येत नाही, कारण मॅचमध्ये पोरगं काही सेकंद जोरात पळते, थांबते, वळते अन् लगेच पुन्हा पळते, तेच प्रॅक्टिसमध्ये घ्या अन् घड्याळ लावून घ्या.

कोर्ट नसलं तरी चालते, झेडपी शाळेच्या ग्राउंडवर टेपने २८ बाय १५ मीटर मोजून चुना मारा. बेसलाइनपासून (म्हणजे कोर्टाच्या टोकाची १५ मीटरची लाइन) ५.८ मीटरवर फ्री थ्रो लाइन, १४ वर हाफ लाइन, मग २२.२ वर समोरची फ्री थ्रो लाइन अन् शेवटी २८ वर समोरची बेसलाइन. प्रत्येक लाइनला शिवून दरवेळी बेसलाइनवर परत यायचं, पुरे १४० मीटर होतात. सुरुवातीला ३५ सेकंदाचं टार्गेट द्या, जमलं की ३२, मग ३०. एक राउंड झाला की दीड मिनिट आराम, असे चार पुरे, हा आराम अजिबात कापू नका नाहीतर स्पीड मरते अन् नुसतं ओढत पळणं राहते.

खरा वेळ वळणावर जातो हे लक्षात ठेवा. लाइनच्या दोन पावलं आधी कंबर खाली, छोटी पावलं, बाहेरच्या पायाने ढकलून निघायचं. मुरमावर पाय लय घसरते म्हणून वळायच्या जागेवरचे खडे आधी झाडून घ्या, घोटा मुरगळला तर सगळा सीझन गेला.

आठवड्यातून दोनदाच, मधात एक-दोन दिवस सोडून. अन् एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ ला जाते, तेव्हा सकाळी ६ वाजताच घ्या, संध्याकाळी ५ ला पण जमीन भाजते. पाण्यात मीठ-साखर टाकून ठेवा. कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सावलीत बसवा, त्या दिवशी टायमिंग गेलं खड्ड्यात.