सुट्टी बघून नव्हे, ओहोटी बघून निघा

ताई, डिसेंबरात आई आणि मुलाला घेऊन वडोदऱ्याहून जामनगरला जायचं, जाणकार माणूस सोबत घेऊन किनाऱ्यावरची झाडं आणि समुद्रपक्षी बघायचे, त्याला किती दिवस लागतील, असं तुम्ही विचारलंय. दोन दिवस पुरे. फक्त ते शनिवार-रविवार बघून ठरवू नका, तिथी बघा.

वाडीनारजवळचं नरारा हे मरीन नॅशनल पार्कातलं (स्थापना 1982) चालत जाता येण्यासारखं ठिकाण. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खूप आत जाते आणि तळ उघडा पडतो. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आपल्या बडोदेकरांना कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराची, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या देवळापाशी येणारी, भरती ठाऊक असते, पण ते खंभातचं आखात. तिथल्या वेळा नराराच्या कच्छच्या आखातात चालत नाहीत. वाडीनार किंवा ओख्याचंच भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

तिवरांपाशी (मॅन्ग्रोव्ह) घाई करू नका. मुळांतून आत शिरलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. मुलाला पान न तोडता त्यावर बोट फिरवून चाटायला सांगा, खारटपणा लगेच कळेल. चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळं झाडाच्या श्वासासाठी असतात, त्यांच्यावर पाय पडू देऊ नका. हे मी फार कळकळीने सांगतेय, कारण फोटोच्या नादात लोक ती सर्रास तुडवतात.

पक्ष्यांचं गणित उलटं आहे. ओहोटीला ते दूरवर चिखलात पांगतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच थवे काठाकडे सरकतात. म्हणून गाईडला आधीच सांगून ठेवा, की परतल्यावर काठावर तासभर थांबायचंय. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) दिसतीलच, पण नजर ठेवा क्रॅब प्लव्हरवर. काळा-पांढरा पक्षी, खेकडे फोडायला जाडजूड चोच. चिखलात चरणारे बाकीचे पक्षी उघड्यावर अंडी घालतात, हा मात्र वाळूत बीळ खोदून घरटं करतो.

आईंचे गुडघे दुखत असतील तर नरारा त्यांच्यासाठी नको. तिथं ओल्या, धारदार खडकांवरून पाण्यातून चालावं लागतं. त्यांना जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात न्या. एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, आणि मधल्या बांधावरून सपाट वाट. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) बहुधा तिथंच भेटतील.

चपला नकोत, बंद बूट घाला. वनखात्याची परवानगी निघण्यापूर्वी विचारून घ्या.