पहिलं प्रूफ नाणं घेण्याआधी

भाऊ, ग्रहताऱ्यांची चित्रं असलेल्या नाण्यांचा नाद लागला, बरं झालं. एक गोष्ट आधी डोक्यात बसव: 'प्रूफ' म्हणजे कोरं करकरीत नाणं नव्हे, ती नाणं पाडण्याची पद्धत आहे. चकचकीत केलेल्या साच्यांनी एकाहून जास्त ठोके देतात, म्हणून मागची जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ दिसतं. त्या आरशावर बोटाचा ठसा उमटला, की तो कायमचा समज. धरायचं ते फक्त कडेनं.

माझं पहिलं चांदीचं नाणं जरा पिवळट पडलं. आपल्या जळगावात सराफांना काय तोटा! दिलं एकाला उजळून आणायला. लखलखीत झालं खरं, पण आरसा गेला, बारीक ओरखडे आले आणि हातात उरला नुसता चांदीचा भाव. तेव्हा:

– पुसू नको, घासू नको, लिंबू-चिंच तर लांबच ठेव.
– मूळ डबी आणि प्रमाणपत्र फेकू नको.
– मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकट होतं नि हिरवट डाग धरतो.

सुरुवात कशानं? माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ मोहिमेच्या पन्नाशीला, २०१९ साली, अमेरिकेनं वाटीसारखी वळलेली नाणी काढली. खोलगट बाजूला चंद्रावरचा बुटाचा ठसा, फुगीर बाजूला हेल्मेटची काच. त्यातला बिनचांदीचा अर्धा डॉलर घे. चांदीचा डॉलर नंतर बघू.

प्रतवारी, साच्यातल्या चुका यात आत्ताच शिरू नको.