राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयो, म्हणजे एनएसएस) नाव टाकलंस, आता हे ऐक

दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, म्हणजे वर्षाला १२०. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तासांची डायरी त्याच दिवशी भर अन् कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही लगेच घे. मार्चमध्ये सह्यांसाठी धावणारे पोट्टे दरवर्षी दिसतात.

शिबिर हिवाळ्यात असलं तर नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा-काटोलकडच्या गावात पहाटेची थंडी शहरापेक्षा बोचरी असते. जाड पांघरूण ने. नवे बूट नको, जुनेच बरे.

खरी मजा वनराई बंधाऱ्यात, म्हणजे नाल्यावर पोती रचून पाणी अडवायच्या कच्च्या बांधात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, पण गच्च नाही. तोंडाशी वीतभर जागा सोडून शिवलं की पोतं नीट बसतं. ठासून भरलेलं गोल होतं, लोळतं अन् फटीतून पाणी पळतं. वरचा थर खालच्या सांध्यावर यायला हवा, विटांसारखा. घमेली साखळीनं पुढे सरकवताना मधल्यानं वेग ठरवायचा, टोकाच्या पैलवानानं नाही. फोटोपुरतं फावडं धरणारे भेटतीलच, त्यांच्याशी वाद घालू नको. त्यांना स्वयंपाकाच्या पाळीत कांदे चिरायला बसव.

गावात सर्वेक्षणाला जाताना सोबत एक मुलगी असू दे, म्हणजे बाया मोकळेपणानं बोलतात. दारातूनच "शौचालय आहे का?" विचारू नको. आधी कापसाचा भाव विचार, काकाजी स्वतःच खाट पुढे करतील.

प्रमाणपत्राचं म्हणशील, तर शिबिर अन् तास दोन्ही पूर्ण लागतात.