कोटिंगला 'लेप' म्हणायचं का?

प्रश्न असा होता की प्लाझ्मा स्प्रेने बसवलेल्या सिरॅमिक कोटिंगची माहिती कारखान्यातल्या लोकांसाठी मराठीत लिहायचीये, तर कोटिंगला लेप म्हणावं, मुलामा म्हणावं की अजून काही, आणि त्याच्या टेस्टना काय म्हणायचं.

माझं मत, थर लिहा. लेप म्हटलं की ओलं काहीतरी बोटांनी फासलेलं आठवतं, चंदनाचा लेप, सुंठीचा लेप, आणि लेप नंतर वाळतो. मुलामा अरबीतून आलाय, त्यात चकाकी आहे, शिवाय आत हलकं बाहेर भारी असा वासही येतो. कल्हई तापवून लावतात हे खरं पण तिचा अर्थ कथिलाशी बांधलेला.

इथे काय होतं बघा. ॲल्युमिनाची पावडर २००० अंशांच्या वर वितळते, प्लाझ्माची ज्योत १०००० अंशांच्याही पुढे, त्यात तो कण थेंब होऊन जोरात धातूवर आपटतो आणि चपटा होऊन तिथेच गोठतो. अगदी भिंतीवर गोवरी थापल्यासारखा! एकावर एक अशा हजारो गोवऱ्या, म्हणजे थरच की. आणि गुळगुळीत धातूवर हे धरत नाही म्हणून आधी ग्रिट, म्हणजे कडक बारीक खडे, मारून तो खरखरीत करतात, पाट्याला टाकी लावतात तसं.

म्हणून ॲडहीजनला, म्हणजे थर धातूला किती घट्ट धरतो त्याला, 'आसंजन' नको, 'पकड' म्हणा. ही टेस्ट मला फार आवडते, थर दिलेल्या गोल तुकड्याला दुसरा तुकडा चिकटवून मशीनवर ओढतात आणि मग नुसता आकडा बघत नाहीत, कुठे सुटलं ते बघतात. धातूपासून निघालं तर पकड सुटली, मधूनच तुटलं तर थर फाटला, आणि चिकटवलेला गोंदच उखडला तर तो आकडा गोंदाचा, थराची ताकद त्याहून जास्त एवढंच कळतं. तीन वेगळी क्रियापदं मराठीत तयार आहेत, ती वापरा.

इलेक्ट्रिकलमध्ये मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. व्हीएफडीवरच्या (वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरचा करंट बेअरिंगमधून जाऊन रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाटेवर, पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा पाडतो, तो अडवायला बाहेरच्या रिंगवर हा थर असतो. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावून मेगाओममध्ये येतो तो रोध. हजार व्होल्ट दिल्यावर टिकतो का ही वेगळी टेस्ट, तिथे 'दाब सोसतो' म्हणा. एका रिवाइंडिंगच्या दुकानात ऐन पावसाळ्यात मी बघितलंय, सकाळी मेगर अगदी खाली आलेला, तीच रिंग ओव्हनमध्ये सुकवल्यावर परत वर गेला. थरात बारीक छिद्रं असतात, ती दमट हवा पितात, म्हणून तर वरून सीलर भरतात. तिथला मिस्त्री म्हणाला, ''ओल धरलीये, पंक्चर नाही झालं.'' ब्रेकडाउनला, म्हणजे व्होल्टेजने थर फुटून करंट आरपार जातो त्याला, 'विद्युत-भंजन' वगैरे लिहायच्या आधी हे वाक्य वाचा, पंक्चर हाच शब्द ठेवा.