‘सिग्निफिकंटली’ या एका शब्दाबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. मराठी बातम्यांच्या मथळ्यांचं वर्गीकरण हा विषय तू मनापासून घेतलायस, हे पानोपानी दिसतं. पण तिसऱ्या पानावर एका शब्दापाशी मी अडलो: सिग्निफिकंटली. जुन्या मॉडेलची अचूकता ९०.६ टक्के, तुझ्याची ९१.२, म्हणून ‘लक्षणीय सुधारणा’. हे ९१.२ किती वेळा चालवून आले, ते कुठेच लिहिलेलं नाही. बहुधा एकदाच. त्याच कोडचा नुसता रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक निवडी जिथून सुरू होतात तो आकडा, बदलला तरी एवढा फरक सहज पडू शकतो. दोन्ही मॉडेलं पाच-पाच सीडवर चालव आणि सरासरीबरोबर प्रमाण विचलनही दे. त्यानंतर तो शब्द ठेवायचा की नाही, ते बघू.

त्याहून मोठी शंका मला डेटाबद्दल आहे. एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार वृत्तपत्रांत जाते आणि मथळ्यात एखादाच शब्द इकडचा तिकडे होतो. ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ आणि ‘कोयना धरणातून विसर्ग वाढला’. तू सगळ्या ओळी पिसून ट्रेन (मॉडेल ज्यावर शिकतं) आणि टेस्ट (ज्यावर त्याची परीक्षा होते) वेगळे केलेस, तेव्हा अशा जोड्यांतला एक मथळा इकडे आणि दुसरा तिकडे गेला असणार. म्हणजे पेपर आधीच फुटलेला! आधी जवळपास सारखे मथळे काढून टाक, मग तारखेनुसार विभाग: जुने ट्रेनला, नवे टेस्टला. आकडा खाली येईल. येऊ दे, तोच छापायचा.

एवढं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः यात फसलोय. एम.टेक.ला असताना माझा प्रोग्रॅम जुन्याच्या तिप्पट वेगाने चालायचा. सेमिनारमध्ये एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, “क्रम उलटा करून पाहिलास?” मी दर वेळी आधी जुना चालवायचो, मग माझा. जुना प्रोग्रॅम फाइल डिस्कवरून वाचायचा. माझी पाळी येईपर्यंत तीच फाइल मेमरीत येऊन बसलेली असायची. क्रम उलटला आणि सगळा वेग गेला. चार महिन्यांचं काम होतं ते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढे २००९ मध्ये एस्प्लॉस या संगणकशास्त्राच्या परिषदेत एक शोधनिबंध आला. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रॅम सुरू होताना सिस्टिम त्याला देते त्या सेटिंग्जचा) आकार किंवा ऑब्जेक्ट फाइली (प्रोग्रॅमचे कंपाइल झालेले तुकडे) लिंक करण्याचा, म्हणजे जोडण्याचा, क्रम, एवढ्यानेही प्रोग्रॅमचा वेग बदलतो. इतका, की कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनने, म्हणजे कोड वेगवान करण्याच्या त्याच्या खटपटीने, फायदा झाला की तोटा, हा निष्कर्षच फिरावा, असं त्यात दाखवलंय. तो पूर्ण वाच, पेन हातात घेऊन. बाकीच्या निबंधांच्या ढिगाला पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं पुरेत: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, निष्कर्ष.

लिहायचं कसं, याचा नमुना हवा असेल तर आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचा २००२ चा निबंध काढ. त्याचा सारांश एका वाक्याचा आहे. दिलेली संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवणारा अल्गोरिदम आम्ही देतो, एवढंच. आणि अल्गोरिदमला तीन विशेषणं: बिनशर्त (सिद्ध न झालेलं काही गृहीत न धरणारा), डिटरमिनिस्टिक (रँडम निवडीविना चालणारा), पॉलिनॉमियल-टाइम (ज्याला लागणारा वेळ संख्येतल्या अंकांच्या एखाद्या ठरलेल्या घाताच्या मर्यादेत राहतो असा). आधीच्या रीतींत यातलं काही ना काही कमी पडत होतं. मिलरची चाचणी रीमानच्या परिकल्पनेच्या सिद्ध न झालेल्या विस्तारित रूपावर उभी, मिलर-राबिनची रँडम निवडीवर, आणि एडलमन-पॉमरन्स-रुमेली यांची पॉलिनॉमियलच्या किंचित बाहेर. म्हणून त्या वाक्यातलं एकही विशेषण काढता येत नाही. तुझ्या सारांशात ‘नॉव्हेल’, ‘रोबस्ट’, ‘एफिशियंट’ आहेत. प्रत्येकापुढे कुठल्या तक्त्याने ते सिद्ध होतं त्याचा क्रमांक लिही. क्रमांक सापडला नाही, तर शब्द खोड.

इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. त्या भीतीपोटी वाक्यं लांबू लागली की थांब आणि तोच परिच्छेद आईला सांगावा तसा मराठीत बोलून बघ. जिथे जीभ अडखळते, तिथे बहुतेक वेळा विचारच कच्चा असतो. इंग्रजी नंतर सुधारता येतं, ते मी बघेन.

या वेळची मुदत हुकेल, ते मला माहीत आहे. पुढच्या परिषदेला पाठवू. शनिवारी दहा वाजता ये, आणि येताना सगळे लॉग, म्हणजे मॉडेल चालवतानाच्या नोंदी, आण, फसलेल्या रन्सचेसुद्धा.