मुंबई मॅरेथॉनसाठी रोज पळतोय तरी वजन वाढतंय, खाऊ काय?

अहो वाढणारच, माझंही पहिल्या वर्षी दोन किलो वाढलेलं, रविवारी २० किमी मारून आलो की मिसळ, वर एक्स्ट्रा पाव, मग जिलबी, का तर आज पळालोय ना! हिशोब साधाय, ७० किलोच्या माणसाच्या १० किमीत ७०० च्या आसपास कॅलरी जातात, त्या एवढ्यात भरून निघतात. पण म्हणून भात-भाकरी बंद करू नका हां, लाँग रनच्या आदल्या रात्री वरणभात हवाच, नाहीतर तिशीनंतर (किमीच्या, वयाच्या नाही) पाय उचलत नाहीत. वजन उतरवायचं ते आत्ताच, हळूहळू, शेवटचे तीन आठवडे डाएट नको. आणि रेसच्या आठवड्यात किलोभर वाढलं तर घाबरू नका, ग्लायकोजेनसोबत (म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत) साठलेलं पाणी असतं ते.