कॅम्पर व्हॅन सुरू होत नसेल तर

भाऊ, तोरणमाळला मुक्काम केला आणि सकाळी गाडी सुरू होईना, तर सेल्फ मारत बसू नकोस. आधी कान देऊन ऐक. नुसती टकटक येतेय? मग बॅटरी. रात्रभर पंखा-फ्रिज चालला आणि आतल्या सामानाची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी नसेल, तर इंजिनची बॅटरी उतरणारच. बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लाव: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली असेल तर जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची वायर, बाहेर काढ. पण त्याआधी टर्मिनल बघ. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर निगेटिव्ह आधी काढ, ब्रशने घासून घट्ट आवळ. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी भराभर आटतं. सीलबंद नसेल तर डिस्टिल्ड वॉटर जवळ ठेवच.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग डिझेल बघ. फिल्टरवरचा हातपंप दाबून कडक होत नसेल, तर लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) ढिला कर, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मार, मग आवळ. सेल्फ एका दमात दहा सेकंदच. मध्ये मिनिटभर थांब, नाहीतर स्टार्टर जळेल. आणि घाटउतारावर ढकलून सुरू करायच्या भानगडीत पडूच नकोस. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.